पूर्वजांचे तलाव आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस या व्यासपीठावरून दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. अशा मेळाव्यात शिक्षण, विवाहातील काटकसर आणि तरुणांचे उद्योगधंदे हे विषय नेहमी चर्चिले जातात, आणि ते योग्यच आहे. आम्ही आज आपले लक्ष वेधू इच्छितो ते गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या, रोज डोळ्यांपुढे असूनही न दिसणाऱ्या एका वस्तूकडे. ती वस्तू म्हणजे आपला तलाव.

हल्ली पर्यावरण हा शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी असतो. ५ जूनला रोपटे लावावयाचे, छायाचित्र काढावयाचे आणि पुढच्या ५ जूनला त्याच खड्ड्यात दुसरे रोपटे लावावयाचे, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी चालतो. आपल्या कोहळी समाजाला हा विषय नवा नाही. पावसाचे पाणी अडवावे, त्यावर धान पिकवावे, गुरांना पाजावे, मासळी व शिंगाडा घ्यावा आणि हे सर्व करूनही ते पाणी पुढच्या पिढीसाठी शाबूत ठेवावे, ही विद्या आपल्या पूर्वजांस अवगत होती. त्यांनी तिला मोठे नाव दिले नाही. ते तिला तलाव बांधणे एवढेच म्हणत.

प्रथम आपली भूमी कशी आहे ते पाहू. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग या झाडीपट्टीत पाऊस वर्षाकाठी पन्नास इंचांच्या आसपास पडतो. आकडा मोठा आहे; परंतु तो सारा पाऊस चार महिन्यांत, आणि त्यातही थोड्याच दिवसांत कोसळतो. पुष्कळ ठिकाणी जमिनीखाली कठीण खडक आहे. त्यात पाणी फारसे साठत नाही. धानाचे पीक तर पाण्यात पाय बुडवून उभे राहणारे. मृगात पऱ्हे टाकले, रोवणा झाला, श्रावण बरा गेला, आणि धान पोटरीस आले असता हस्ताच्या पावसाने दगा दिला, की सहा महिन्यांची मेहनत मातीत जाते. त्या एका पाण्यासाठी आपले पूर्वज तलाव बांधीत. धो धो पावसाच्या मुलखात पाणी साठविण्याची गरज कोणास पडली, असे बाहेरचा माणूस विचारतो; त्याचे उत्तर हस्त नक्षत्रात आपल्या बांधीवर उभे राहिले असता मिळते.

तलाव बांधणे म्हणजे वाटेल तेथे माती लोटणे नव्हे. दोन टेकड्यांमधली किंवा दोन चढांमधली अरुंद जागा हेरावयाची, की पाळ आखूड लागेल आणि पाणी लांब पसरेल. वरच्या रानातून पाण्याचा येवा किती, हे पावसाळ्यात ओहोळ पाहून ठरवावयाचे. माती चिकण हवी, थरावर थर दाबून बसली पाहिजे, नाहीतर पहिल्याच पुरात पाळ फुटावयाची. जास्तीचे पाणी निघून जावे म्हणून एका टोकास, शक्य तेथे खडकावर, सांडवा ठेवावयाचा, ज्यास आपण सलंग म्हणतो. पाळीच्या पोटातून शेताला पाणी सोडण्याचे तोंड ते तुडूम. सलंगीवरून निघालेले पाणी वाया जाऊ द्यावयाचे नाही. खाली दुसरा तलाव, त्याखाली बोडी, त्याखाली बांध्या, अशी माळ ओवलेली असे. हातात दुर्बिण नाही, नकाशा नाही, आणि तरीही पाण्याची पातळी डोळ्यांनी अचूक जोखणारी माणसे आपल्या घरांत जन्मली. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर १९१६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही तलावबांधणीतील आपल्या कसबाची नोंद झालेली आहे.

ही माणसे काशीच्या बाजूने गोंड राजांनी येथे आणली, अशी परंपरागत समजूत आहे. चांद्याच्या गोंड राजांपैकी हिरशहाचे नाव याच संदर्भात आदराने घेतले जाते. जो जंगल मोडून तलाव बांधील, त्याच्या तलावाखाली भिजणारी जमीन त्याची, असा राजाचा दंडक होता असे सांगतात. तलावासाठी मिळालेल्या अशा देणगीस तुकूम म्हणत, आणि चंद्रपूर जिल्ह्यात तुकूम नावाच्या वस्त्या आजही आहेत. या दंडकातील शहाणपण लक्षात घेण्यासारखे आहे. राजाने खजिन्यातून तलाव बांधून दिले नाहीत, आणि बांधणाऱ्यास रोख बक्षीसही दिले नाही. त्याने जमीन दिली, आणि तीही तलावाचे पाणी पोहोचेल तेवढीच. म्हणजे तलाव जितका नीट राखावा, तितकी जमीन भिजावी. राखण्यात हयगय झाली, तर देणगी आपोआप आटावी. पाणी आणि जबाबदारी एकाच दाव्याला बांधलेली होती.

नवेगावबांध आपणा सर्वांस ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे मानले जाते. टेकड्यांच्या कुशीत कित्येक चौरस मैल पसरलेले ते पाणी पाहिले, म्हणजे माणसाच्या हातांनी हे झाले यावर विश्वास बसत नाही. लोकांचाही बसला नाही. म्हणून त्यांनी कोलू पाटलांस कोलासूर देव केले, आणि भोवतीच्या टेकड्यांस सात बहिणी म्हणून, त्यांनी तलावाच्या कामी साहाय्य केले अशी कथा सांगितली. साकोली तालुक्यातील सिवनीबांध आणि चारही जिल्ह्यांतील लहानमोठे सहा हजारांहून अधिक तलाव ही त्याच कुळातील भावंडे. नवेगावच्या परिसरास १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि पुढे २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. अरण्याचे भाष्यकार मारुती चितमपल्ली यांनी तेथील पाखरे आणि पाणी मराठी वाचकांच्या घरोघर पोहोचविले. एका शेतकऱ्याने धानासाठी अडविलेले पाणी आज हजारो पाखरांचे, वन्य जनावरांचे आणि माशांचे घर झाले आहे.

सात बहिणींच्या कथेचा अर्थ आम्ही आमच्या परीने असा लावतो, की एवढी पाळ एकट्याने उचलता येत नाही, ही कबुली लोकांनी त्या कथेत देऊन ठेविली आहे. तलावांची योजना आपल्या पूर्वजांची, हे खरे. आणि त्याचा अभिमान आपण अवश्य धरावा. परंतु सनद गोंड राजाची होती. टोपल्या वाहणारे हात अनेक जातींचे होते. पाण्यातील मासळी, शिंगाडा आणि कमळकाकडी यांचे ज्ञान ढिवर बंधूंचे होते. तलाव आम्ही बांधले असे म्हणताना त्यातील आम्ही या शब्दात हे सर्व येतात. ते वगळून जो अभिमान उरेल, तो पोकळ पाळीसारखा आहे. बाहेरून उंच दिसतो आणि पहिल्या पुरात बसतो.

आता हे तलाव तीनशे वर्षे टिकले कसे? पाळ मजबूत होती म्हणून, असे उत्तर कोणी देईल. आमच्या मते पाळीपेक्षा व्यवस्था मजबूत होती. उन्हाळ्यात गावाने पाळीची डागडुजी करावी, उंदीर-खेकड्यांची बिळे बुजवावी, पावसापूर्वी येव्याचे ओहोळ मोकळे करावे, नहरा साफ कराव्या. पाणी सोडण्यासाठी नेमलेल्या माणसाने पाळीपाळीने बांध्या भिजवाव्या आणि त्याबद्दल त्यास धान्य मिळावे. तलाव आटताना कोरड्या पडणाऱ्या काठावर ठरल्याप्रमाणे गाळपेर व्हावी. गुरांसाठी आणि माशांसाठी तळाशी पाणी राखावे. असे हे चक्र होते. कोणाचा कोणत्या पाण्यावर काय हक्क, हे पुढे वाजिब-उल-अर्जात आणि निस्तारपत्रकातही उतरले. मालगुजारीत वेठबिगार होती, अन्याय होता, आणि ती पद्धत गेली हे उत्तमच झाले. परंतु मालगुजार जाताना कामाची रीतही त्याच्याबरोबर निघून गेली, याची खंत वाटते.

मध्यप्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क शासनाकडे आले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आणि मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे अशी वाटणी झाली. माजी मालगुजारी तलाव या लांब नावाचे लोकांनी मामा तलाव असे लघुरूप केले. मामा म्हटले म्हणजे जिव्हाळ्याचे नाते आले. पण भाचेमंडळींचा जिव्हाळा मात्र नावापुरताच उरला! पाळ खचली, की शेतकरी म्हणे सरकार पाहील. कार्यालयातील माणूस म्हणे निधी नाही. आणि दोघांच्या मधून पाणी वाहून जाई. एवढ्या हजारो तलावांच्या प्रत्येक बिळावर कोणतेही खाते लक्ष ठेवू शकणार नाही. बीळ बुजवावयास एक टोपली माती आणि एक जागरूक मनुष्य लागतो. त्यासाठी मंजुरीची वाट पाहिली, तर बिळाचे भगदाड होते.

त्यानंतर एकामागून एक रोग लागत गेले. वरच्या रानाची तोड झाली आणि येव्याबरोबर गाळ येऊ लागला. रस्ते झाले, ते पुष्कळ ठिकाणी येव्याच्या वाटा अडवून झाले. काठावर बेशरमाची झुडपे माजली. गुरे ती खात नाहीत, पाखरांना त्यांचा उपयोग नाही, आणि एक फांदी मोडून पडली तरी तेथे नवे झाड उभे राहते. पंप आले, उन्हाळी धान आले, आणि पूर्वी वैशाखातही राखले जाणारे तळाचे पाणी माघ-फाल्गुनातच उपसले जाऊ लागले.

आमची सारी हयात फळ्यासमोर गेली. त्यामुळे हिशेब मांडल्याखेरीज आम्हांस चैन पडत नाही. आपण एक साधे उदाहरण सोडवू. एका तलावाचा पसारा दहा हेक्टर आहे, आणि त्यात सरासरी एक फूट, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर गाळ साठला आहे असे धरा. एक हेक्टरावर एक मीटर पाणी म्हणजे १०,००० घनमीटर, अर्थात एक कोटी लिटर. मग दहा हेक्टरांवरील ३० सेंटिमीटर गाळाने ३०,००० घनमीटर पाण्याची जागा खाल्ली. धानाच्या एका पाण्यासाठी बांधीत पाच सेंटिमीटर पाणी भरावयाचे म्हटले, तर हेक्टरी ५०० घनमीटर लागतात. म्हणजे त्या गाळाने साठ हेक्टरांचे एक पाणी हिरावले. झिरपणे, वाफ होणे आणि नहरेतील गळती यांसाठी निम्मे सोडून द्या; तरीही तीस हेक्टर उरतात. हस्त कोरडा गेला, तर त्या तीस हेक्टरांवरील धान वाचणे किंवा वाळणे त्या एका फुटावर अवलंबून आहे.

यापुढचा विषय नाजूक आहे; परंतु तो टाळून या व्यासपीठावर उभे राहण्यात अर्थ नाही. तलावाच्या पोटातील जमीन आज कोणाच्या नांगराखाली आहे? पूर्वी पाणी ओसरल्यावर काठावर गाळपेर होई. ती गावाच्या संमतीने होई आणि पाणी आले की शेत तलावास परत जाई. आता त्याच काठावर कायमचे बांध पडले आहेत. मग पाणी वाढले की ते शेत बुडते, आणि ते बुडू नये म्हणून रात्रीच्या वेळी सलंगीचा दगड निघतो किंवा तुडूम उघडले जाते. एकाच्या दोन बांध्यांसाठी खालच्या पन्नास बांध्यांचे पाणी नाल्यात जाते. हे करणारे लोक परगावचे नसतात. ते आपल्याच पंगतीत बसणारे, आपल्याच सोयरीकसंबंधातील असतात, आणि म्हणूनच त्यांस कोणी बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावच्या सामायिक जमिनी व तळी यांवरील अतिक्रमणे दूर करून त्या ग्रामस्थांच्या सामायिक उपयोगासाठी परत द्याव्यात असा निर्णय दिला. कायदा स्पष्ट आहे. परंतु आमची विनंती अशी, की कायद्याच्या आधी ज्ञातीने बोलावे. विवाहातील उधळपट्टीविषयी जर हे मंडळ नियम करू शकते, तर तलावाच्या पोटात ज्याचा बांध आहे त्याने या मंडळाच्या पदावर बसू नये, एवढा नियम करण्यास अडचण कोणती?

आता करावयाचे काय, ते सांगतो. ही कामे मोठी नाहीत. परंतु ती दरवर्षी करावी लागतील.

पहिले काम तलावाच्या वहीचे. प्रत्येक गावाने आपल्या तलावाची एक वही करावी. गट क्रमांक, मूळ पसारा, पाळीची लांबी, सलंगीची उंची, तुडुमांची संख्या, भिजणारी जमीन आणि निस्तारपत्रकातील हक्क तीत उतरवावे. सलंगीवर आणि पाळीच्या दगडावर रंगाने पातळीची खूण करावी. म्हणजे सलंगीचा दगड हलला तर शाळेतील पोरालाही कळेल. हे मोजमाप शाळेच्या मुलांकडून करवून घ्यावे. क्षेत्रफळ व घनफळ शिकविण्यास याहून उत्तम वस्तुपाठ नाही, आणि ज्या मुलाने तलाव मोजला, तो मोठेपणी तलाव बुजवावयास सहसा धजणार नाही.

दुसरे काम येव्याचे आणि पाळीचे. मृगापूर्वी एक दिवस गावाने येव्याच्या वाटा मोकळ्या कराव्यात आणि पाळीवरील बिळे बुजवावीत. पाळीवर गवत राहू द्यावे. उघडी माती पावसाने धुऊन जाते. वरचे रान उघडे असेल, तर तेथे चर आणि झाडे यांची जोड द्यावी, कारण गाळ तलावात तयार होत नाही. तो वरून येतो. मात्र आपल्याकडे पुष्कळ जमीन झुडपी जंगल म्हणून नोंदलेली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ती वनजमीनच होय असा निर्वाळा दिला आहे. तेव्हा अशा जागेत काम काढताना ग्रामसभेचा ठराव करून वनखात्याची परवानगी आधी घ्यावी.

तिसरे काम गाळाचे. आणि येथे आम्ही सावधगिरीची सूचना देऊ इच्छितो. गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार ही योजना शासनाने २०१७ साली काढली. तिचा लाभ गावांनी अवश्य घ्यावा. परंतु यंत्र आले, म्हणून दिसेल तेथे खोदत सुटू नये. तलाव म्हणजे विहीर नव्हे. मुरूम लागेपर्यंत खोदले, तर पाणी धरून ठेवणारा चिकण थर फुटतो आणि तलाव गळू लागतो. पाळीच्या पायथ्याशी खोदले, तर पाळ खचते. काठाचा उथळ पट्टा खरवडून काढला, तर पाणवनस्पती जातात आणि माशांना अंडी घालण्यास जागा उरत नाही. गाळ काढावा तो मधल्या भागातून, पाळीपासून दूर राहून, आणि काठाचा उतार कायम ठेवून. तो सुपीक गाळ आपल्या बरड शेतात टाकावा. म्हणजे एका श्रमात दोन कामे होतात.

चौथे काम पाणवनस्पतींचे व मासळीचे. आणि येथे आपण शिष्य होऊन शिकले पाहिजे. अर्जुनी-मोरगाव भागात ढिवर बंधूंच्या मच्छीमार सहकारी संस्था आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी मिळून तलावांचे पुनरुज्जीवन आरंभिले. त्यांनी उन्हाळ्यात बेशरमाची झुडपे मुळासकट उपटली, कोरड्या तळाची नांगरट केली, आणि पावसाच्या सुरुवातीस जुन्या जाणत्यांनी ओळखून दिलेल्या देशी पाणवनस्पती लावल्या. त्या वनस्पतींच्या आश्रयाने स्थानिक मासळी परतू लागली, आणि मासळीमागून पाखरे आली. या कामात ढिवर समाजातील स्त्रियाही पुढे आल्या. देवधान कोठे उगवते, कोणता मासा कोणत्या गवतात अंडी घालतो, हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते; ते या मंडळींच्या बोटांत होते. ज्यांची वस्ती गावाच्या कडेला आणि ज्यांचे मत सभेच्या शेवटी, अशा लोकांनी आपल्या पूर्वजांचा वारसा वाचविण्याचा मार्ग दाखविला. तलावाच्या समितीत त्यांस पहिल्या रांगेत बसविणे हा उपकार नव्हे. ते ऋण फेडणे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही वनात राहणाऱ्या समूहांचा मासळी व जलाशयातील अन्य उत्पन्नावरील हक्क मान्य केला आहे.

पाचवे काम पाण्याच्या वाटणीचे. शेतकरी म्हणतो, पाणी धानाला सोडा. मच्छीमार म्हणतो, उन्हाळाभर पाणी राखा. दोघांचेही म्हणणे खरे आहे; म्हणून भांडण लागते. यावर तोड एकच: कोणत्या खुणेपर्यंत पाणी शेताला द्यावयाचे आणि कोणत्या खुणेखाली कोणीही पंप लावावयाचा नाही, हे दोघांनी मिळून कोजागरीपूर्वी ठरवावे आणि वहीत लिहावे. पाणी देताना शेवटच्या बांधीपासून आरंभ करावा. ज्याची बांधी तुडुमाजवळ, त्याला पाणी मिळेलच. शेवटच्यास मिळाले, तरच वाटणी झाली असे म्हणावे.

दिवाळीनंतर आपल्या गावोगाव मंडई भरते. त्या वेळी तलाव भरलेला असतो, धान पिवळे पडत असते, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि रात्री नाटक असते. नाटकाचा पडदा वर जाण्यापूर्वी पाच मिनिटे तलावाची वही वाचली जावी, अशी आमची सूचना आहे. या वर्षी पाणी कोणत्या खुणेपर्यंत चढले, किती दिवसांचे श्रमदान झाले, कोणता बांध तलावातून मागे घेतला गेला, हे सर्वांसमक्ष वाचावे. ज्याने बांध मागे घेतला, त्याचा नारळ देऊन सत्कार करावा. मनुष्य दंडास जितका भितो, त्याहून अधिक तो मानास भुलतो, हा आमचा मास्तरकीतला अनुभव आहे.

काही तरुण म्हणतील, आता इटियाडोहचा कालवा आहे, गोसीखुर्दचे पाणी येत आहे. या जुन्या डबक्यांत काय अर्थ? मोठ्या धरणांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु कालवा आपल्या उताराने जातो. त्याच्या वरच्या अंगाची शेते कोरडीच राहतात, आणि कालव्याचे पाणी केव्हा सुटावे हे दूरच्या कचेरीत ठरते. तलावाचे तुडूम गावाच्या हाती असते. तलावाखालच्या विहिरींना पाझर असतो. आणि कालव्याच्या काठी सारस पक्षी घरटे बांधीत नाही. महाराष्ट्रात हा डौलदार पक्षी आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्याच्या धानबांध्या आणि तलाव यांच्या आश्रयाने उरला आहे. नरमादी जन्मभर सोबत राहतात, म्हणून लोक त्याचे कौतुक करतात. ज्या गावाच्या शिवारात तो उतरतो, तेथील पाणी अद्याप जिवंत आहे असे खुशाल समजावे.

दुसरे कोणी म्हणतील, तरुण मुले नागपूर-पुण्यास गेली. श्रमदानास माणसे कोठून आणावी? प्रश्न खरा आहे. परंतु ज्यांच्या घरी वर्षातून एकदा मुले येतात, त्यांनी त्या चार दिवसांत त्यांस पाळीवर न्यावे. परगावी नोकरीस असलेल्यांनी एक दिवसाचे वेतन तलावाच्या वहीत जमा करावे. रोजगार हमीची कामे काढताना पाळ व नहर यांची कामे ग्रामसभेने आराखड्यात आधी घालावीत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंडवस्तीच्या लहानशा गावाने सर्वसंमतीने निर्णय घेण्याची शिस्त पाळून २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. तेथे कोणी धनाढ्य नव्हते. दर निर्णयास सारा गाव एकत्र बसतो, एवढीच त्यांची श्रीमंती.

ज्ञातिबांधव हो, आपण कोलू पाटलांचे नाव घेतो, मिरवणुकीत जयजयकार करतो. ते उचितच आहे. परंतु ज्या मनुष्याने तलाव बांधला, त्याची पूजा फुलांनी पुरी होत नाही. त्याच्या पाळीवर एक टोपली माती टाकली, तर ती त्यास अधिक पोहोचेल. पूर्वजांनी तलाव बांधले, म्हणून आपण तलाव बांधणाऱ्यांचे वंशज म्हणविले जातो. आपल्या नातवंडांनी आपणांस कोणाचे वंशज म्हणावे, याचा निकाल येत्या काही वर्षांत लागावयाचा आहे. तलाव राहिले, तर त्यांच्या नावाबरोबर आपलेही नाव राहील. तलाव गेले, तर या स्मरणिकेच्या पानांखेरीज कोलू पाटलांचे नाव सांगावयास काही उरणार नाही. आणि कागद पाणी अडवीत नाही.

म्हणून आमची या सभेस नम्र विनंती आहे, की आज घरी परतण्यापूर्वी प्रत्येक गावच्या प्रतिनिधीने आपल्या गावच्या एका तलावाचे नाव चिटणिसांजवळ नोंदवावे. बोडी असली तरी चालेल. पुढील वर्षी याच मेळाव्यात त्या नावापुढे काय झाले, ते वाचून दाखवावे. त्या यादीत जितकी नावे असतील, तितका हा मेळावा यशस्वी झाला असे आम्ही समजू.